डायमध्ये हात जातोच का?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी आयुष्यभर कामगारवस्तीतली मुले शिकवली. त्यांतली कितीतरी मुले पुढे कारखान्यांत गेली आणि बरीचशी प्रेस शॉपमध्ये लागली. म्हणून आज या व्यासपीठावरून पत्र्याच्या प्रेसविषयी बोलायचे मी ठरवले आहे. विषय यंत्राचा असला तरी माझी काळजी बोटांची आहे.

आपल्या घरातले स्टीलचे ताट, विजेच्या पंख्याची पाती, दुचाकीची पेट्रोलची टाकी, मोटारीचे दार, खिशातले नाणे हे सगळे प्रेसखालून आलेले असते. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, अंबड या औद्योगिक वसाहतींच्या गल्ल्यांतून सकाळी चालत गेलात तर दर चार गाळ्यांमागे एका गाळ्यातून तिचा ठोका ऐकू येतो. त्या गाळ्यांतल्या अपघातांच्या नोंदी मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. ‘कारण’ या रकान्यात बहुतेक वेळा एकच गोष्ट लिहिलेली असते: कामगाराचे दुर्लक्ष. हे कारण मला मान्य नाही. का मान्य नाही ते सांगण्यासाठी आधी यंत्र उघडून दाखवावे लागेल.

आपल्याकडे लहान गाळ्यांत सर्वांत जास्त दिसते ती सी-फ्रेमची क्रँक प्रेस. मोटर एक जड फ्लायव्हील फिरवत ठेवते. फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट यांच्यामध्ये क्लच असतो. ऑपरेटरने पेडल दाबले की क्लच लागतो, क्रँक एक फेरा घेते आणि तिला जोडलेला रॅम खाली येऊन परत वर जातो. रॅमला वरचा भाग, म्हणजे पंच, बांधलेला असतो; खाली बोल्स्टरवर, म्हणजे प्रेसच्या जाड पाटावर, डाय. मध्ये पत्रा. पत्रा कापायचा, भोक पाडायचे, वाकवायचा की ओढून वाटीसारखा खोल करायचा, हे पंच आणि डाय ठरवतात. प्रेस फक्त जोर देते.

तो जोर किती, याचा अंदाज सोप्या हिशेबाने येतो. १०० मिलिमीटर व्यासाची गोल चकती २ मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी पत्र्यातून कापायची आहे असे धरा. परीघ ३१४ मिलिमीटर, गुणिले जाडी २, म्हणजे ६२८ चौरस मिलिमीटर धातू एकदम कापायचा. साधे पोलाद कापायला दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३५ किलो जोर लागतो. गुणाकार करा, २२ टन येतात. ताटाच्या निम्म्याहून लहान चकतीसाठी २२ टन. हे काम लहानशी मोटर थेट करू शकत नाही. ती फ्लायव्हीलमध्ये ऊर्जा साठवत राहते आणि फ्लायव्हील ती क्षणात देऊन टाकते. सगळ्या रचनेचे शहाणपण इथे आहे आणि धोकाही इथेच आहे. मोटर बंद केली म्हणून फ्लायव्हील थांबत नाही. पाय काढल्यावर शिवणयंत्राचे चाक थोडे फिरत राहते, तसे हे शेकडो किलोचे चाक कितीतरी वेळ फिरत राहते, आणि त्या वेळात पेडलवर पाय पडला तर प्रेस पूर्ण ताकदीने एक ठोका मारते. ‘मेन स्विच बंद होता, तरी बोट गेले’ असे हवालदिल होऊन सांगणारी माणसे मला भेटली आहेत. त्यांना कोणी हे चाक समजावून दिलेले नव्हते.

आता दुर्लक्षाचा मुद्दा घेऊ. एक मध्यम प्रेस धरा: मिनिटाला ६० ठोके, रॅमची चाल ८० मिलिमीटर. क्रँकचा एक फेरा एका सेकंदात, म्हणजे वरून खाली यायला अर्धा सेकंद. पंच आणि डाय यांच्यात बोटाच्या जाडीएवढी, साधारण २० मिलिमीटर फट उरते, तेव्हा रॅम तळाला पोहोचायला एक सेकंदाचा सहावा भाग बाकी असतो. डोळ्यांनी पाहून हात हलवायला सुरुवात करण्यासाठी निरोगी, ताज्यातवान्या माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. त्या पाव सेकंदात ही प्रेस अर्ध्या चालीपासून तळापर्यंत पोहोचते. म्हणजे रॅम निम्मा खाली आल्यावर ज्याच्या लक्षात आले की ‘अरे, हात आत आहे’, त्याचा हात हलायला लागतो तेव्हा काम झालेले असते. कितीही सावध माणूस असो, या शर्यतीत तो हरतो.

दुसरा हिशेब पाळीचा. मिनिटाला १५ नग हाताने ठेवायचे आणि काढायचे, हे आपल्याकडे जास्त मानले जात नाही. जेवण, चहा, माल बदलणे वजा करून आठ तासांच्या पाळीत सहा हजार नग धरा. सहा हजार वेळा हात डायमध्ये जातो आणि सहा हजार वेळा बाहेर येतो. समजा माणूस इतका काळजीवाला आहे की दहा हजार वेळांत एकदाच त्याच्या हाताचा आणि पायाचा मेळ चुकतो. अशी अचूकता आपल्यापैकी कोणाच्याही कामात नसेल. तरी त्याची चूक दर दोन दिवसांत एकदा होणारच. दर वेळी बोट जात नाही याचे श्रेय नशिबाला. माणसाच्या लक्षावर उभी केलेली सुरक्षा ही सुरक्षाच नव्हे, हे माझे आजचे म्हणणे आहे. प्रश्न विचारायचा तो हा: हात आत जाण्याची वेळच का आली?

या प्रश्नाचे उत्तर क्लचपासून सुरू होते, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो.

क्लच दोन जातींचे. जुन्या आणि स्वस्त प्रेसमध्ये रोलिंग की क्लच असतो. आपले कारागीर त्याला ‘की-क्लच’ किंवा नुसते ‘चावी’ म्हणतात. पेडल दाबले की चावी फिरून फ्लायव्हीलच्या खाचेत बसते आणि शाफ्ट चाकाशी घट्ट जोडला जातो. एकदा जोडला की पूर्ण फेरा होईपर्यंत सुटत नाही. मध्येच थांबवण्याचा मार्ग नाही. लाल बटण दाबा, वीज तोडा, ओरडा, रॅम खाली जाणारच. दुसरी जात घर्षणाच्या क्लचची, हवेच्या दाबावर चालणारी. त्यात क्लच सोडून ब्रेक लावता येतो आणि रॅम चालीच्या कोणत्याही बिंदूवर थांबतो. हायड्रॉलिक प्रेसही अशी मध्ये थांबवता येते.

हा फरक न समजल्यामुळे चांगल्या हेतूने केलेले खर्च वाया गेलेले मी पाहिले आहेत. एका कारखानदाराने की-क्लचच्या प्रेसवर प्रकाशाचा पडदा बसवला होता. हात आला की किरण तुटतो आणि सिग्नल जातो. पण सिग्नल कोणाला? त्या प्रेसला थांबताच येत नाही. ठोका सुरू होण्याआधी हात आत असेल तर पडदा ठोका अडवू शकतो. ठोका सुरू झाल्यावर हात आत गेला तर तो फक्त दिवा लावतो. तपासणीला आलेल्या पाहुण्यांना तो पडदा दाखवला जात होता, आणि ऑपरेटर त्याच्या भरवशावर आधीपेक्षा बिनधास्त झाला होता.

दोन हातांच्या बटणांचेही तसेच. कल्पना उत्तम आहे: दोन्ही तळहात दोन बटणांवर असल्याशिवाय ठोका नाही, म्हणजे हात आत असू शकत नाहीत. मात्र बटणे किती लांब असावीत याला नियम आहे. माणसाचा हात सेकंदाला सुमारे १.६ मीटर वेगाने जातो असे धरतात. प्रेसला थांबायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात हात जितके अंतर कापेल, त्यापेक्षा बटण लांब हवे. घर्षण क्लचची प्रेस ०.२ सेकंदात थांबत असेल तर ३२ सेंटिमीटर. की-क्लचच्या प्रेसला मात्र ठोका पूर्ण खाली येईपर्यंतचा सगळा वेळ धरावा लागतो, आणि चावी पुढची खाच येण्याची वाट पाहते तो वेळही. मिनिटाला ६० ठोक्यांची प्रेस, फ्लायव्हीलला तीन खाचा, तर हा वेळ जास्तीत जास्त ०.८३ सेकंद येतो आणि अंतर सुमारे १.३ मीटर. प्रेस हळू चालत असेल तर अंतर आणखी वाढते. सावकाश चालणारी प्रेस कमी धोक्याची, हा समज इथे उलटा पडतो. आपल्या किती गाळ्यांत बटणे डायपासून सव्वा मीटरवर आहेत? बहुतेक ठिकाणी ती सोयीसाठी कोपराच्या अंतरावर असतात. बटण दाबून वाकडा बसलेला नग सरळ करायला हात आत घालता येतो, आणि घातला जातो.

घर्षण क्लचच्या प्रेसवर पडदा योग्य अंतरावर बसवला म्हणजे संपले, असेही नाही. ब्रेकचे लायनर झिजतात. ०.२ सेकंदात थांबणारी प्रेस काही महिन्यांनी ०.३ सेकंदात थांबू लागते. सुरक्षित अंतर ३२ वरून ४८ सेंटिमीटर होते आणि पडदा तर जागेवरच आहे. कोणी काही हलवले नाही, तरी सुरक्षा गेली. म्हणून थांबण्याचा वेळ ठरावीक काळाने मोजावा लागतो. चांगल्या प्रेसवर तो मोजणारे उपकरणच बसवलेले असते.

आणि ‘डबल’. प्रेस डबल मारते म्हणजे काय, हे या सभागृहातल्या प्रेसवाल्यांना सांगायला नको. पेडल एकदाच दाबले, रॅम वर आला, ऑपरेटरने नग काढायला हात घातला आणि रॅम स्वतःहून पुन्हा खाली आला. चावी झिजलेली, तिची स्प्रिंग ढिली झालेली, किंवा ब्रेकला तेल लागून तो घसरणारा, अशी याची कारणे असतात. यांतले एकही कारण अचानक उगवत नाही. आधी रॅम वरच्या टोकाच्या थोडा पुढे जाऊन थांबू लागतो, आवाज बदलतो, आणि ऑपरेटरला ते कळते. तो सुपरवायझरला सांगतोही. ‘आजचा लॉट काढून घे, मग बघू’ हे उत्तर त्याला मिळते. अशा प्रेसवर त्या लॉटमध्ये एखाद्याचे बोट गेले, तर ‘कारण’ या रकान्यात काय लिहिले जाते ते मी आधी सांगितले.

मग उपाय काय? माझ्या मते सगळ्यात आधी डायकडे पाहावे. अशी डाय करावी की हात आत घालावाच लागू नये. पट्टी किंवा कॉइल बाहेरून सरकवता येत असेल तर डायभोवती बंदिस्त जाळी बसवून टाकावी. जाळीत पत्रा जाण्यापुरती फट, सुमारे ६ मिलिमीटर. तेवढ्यातून बोट जात नाही. सुटे नग हाताने भरायचे असतील तर उतरत्या घसरणीवरून ते जागेवर जातील किंवा सरकत्या खणातून आत ढकलले जातील असे करता येते. काढायला हवेचा झोत किंवा झटका देणारी स्प्रिंग पुरते. हे काही नवे तंत्रज्ञान नाही. आपल्या टूलरूममधला कोणताही जाणता डायमेकर एक-दोन दिवसांत असा सरकता खण करून देतो. अमेरिकेत १९७१ च्या नियमांत डायमध्ये हात घालण्यालाच बंदी होती. उद्योगांच्या आग्रहाने ती १९७४ मध्ये काढली गेली. माझे मत १९७१ च्या बाजूने आहे.

हे जिथे खरेच शक्य नाही, तिथे चिमटा किंवा लोहचुंबकाची दांडी. चिमटा ॲल्युमिनियमचा असावा, म्हणजे चुकून डायमध्ये राहिला तर डायचे नुकसान होत नाही आणि ‘डाय फुटेल’ या भीतीने कोणी चिमटा फेकून देत नाही. पेडलवर वरून झाकण हवे, नाहीतर खाली पडलेला नगसुद्धा ठोका मारवतो. हातमोज्यांनी पत्र्याच्या धारेपासून बचाव होतो, २२ टनांपासून होत नाही.

ऑपरेटरइतकाच धोका डाय सेटरला असतो आणि त्याच्याविषयी फारच कमी बोलले जाते. तो डाय बांधताना, जुळवताना अंगाने अर्धा आत वाकलेला असतो आणि सगळे गार्ड त्या वेळी काढलेले असतात. त्याच्यासाठी तीन गोष्टी अटळ आहेत. फ्लायव्हील पूर्ण थांबल्याची डोळ्यांनी खात्री. मेन स्विचला कुलूप आणि त्याची किल्ली सेटरच्या खिशात. रॅमखाली ठोकळा, म्हणजे ब्रेक सुटला तरी रॅम खाली येऊ शकणार नाही. नवी डाय लागल्यावर गार्ड परत जागेवर बसले आहेत हे सेटरने तपासून सही करावी आणि मगच ऑपरेटरला प्रेस द्यावी. ब्रिटनमध्ये पॉवर प्रेससाठी १९६५ मध्ये स्वतंत्र नियम झाले. तिथे आजही डाय बसवल्यावर आणि प्रत्येक पाळीच्या पहिल्या चार तासांत जाणत्या माणसाला गार्ड तपासून सही करावी लागते. चार ओळींचा कागद असतो. आपल्याकडे तो सुरू करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आपला कायदा कमकुवत आहे असे मी म्हणणार नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम २१ सांगत होते की यंत्राचा धोकादायक भाग भक्कम कुंपणाने झाकलेला असावा, आणि यंत्र चालू असताना ते कुंपण जागेवर असावे. कलम २३ प्रमाणे कोवळ्या वयाच्या कामगाराला धोक्याच्या यंत्रावर लावण्याआधी धोका समजावून शिक्षण देणे बंधनकारक होते. १९८७ मध्ये आलेले कलम १११-अ कामगाराला सुरक्षेची माहिती मागण्याचा, शिक्षण मिळवण्याचा आणि निरीक्षकाकडे दाद मागण्याचा हक्क देत होते. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी उठवलेल्या आवाजापासून ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेब आंबेडकरांनी केलेल्या कामापर्यंत या कायद्यामागे मोठी परंपरा आहे. माझी तक्रार निराळी आहे. १९४८ च्या अधिनियमात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला १० कामगारांची मर्यादा होती. २०२० च्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती २० केली. ज्या गाळ्यांत तीन-चार जुन्या की-क्लच प्रेस आणि आठ-बारा माणसे असतात, तेच गाळे या मर्यादेच्या बाहेर पडतात. माणसे कमी म्हणून प्रेसचे टन कमी होत नाहीत. ही मर्यादा पॉवर प्रेससाठी असूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक कागद प्रत्येक मालकाने वाचावा. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला जोडलेली अनुसूची. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के कमी झाली असे तीत धरले होते. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. हाड न जाता तर्जनीचे नुसते टोक तुटले तर ५. एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्के. हिशेबासाठी असा तक्ता लागतो हे मला समजते. पण अंगठा गेलेला फिटर पुन्हा फाइल धरू शकत नाही, आणि बावीस वर्षांच्या कंत्राटी मुलाला तर पुढच्या गेटवर हात पाहूनच परत पाठवतात. त्याचे नुकसान ३० टक्के नसते.

‘सेफ इन इंडिया’ ही संस्था हरियाणाच्या मोटार पट्ट्यात, आणि पुढे महाराष्ट्रातही, अशा जखमी कामगारांना मदत करते. २०१९ पासून ती ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते आहे. हात आणि बोटे गमावणाऱ्यांत पॉवर प्रेसवरचे कामगार सर्वांत जास्त, आणि अनेकांचे कर्मचारी राज्य विमा योजनेचे कार्ड अपघात झाल्यानंतर काढलेले, हे त्यात पुन्हा पुन्हा दिसते. हे बहुतेक कामगार मोठ्या कंपन्यांमध्ये नसतात. ते पुरवठादाराच्या पुरवठादाराकडे असतात. मोठी कंपनी नगाच्या मापात शतांश मिलिमीटरचा फरक पकडते, माल परत पाठवते. तोच नग कोणत्या प्रेसवर, कोणत्या गार्डखाली निघाला हे तिने विचारले तर पुढच्या महिन्यात गार्ड बसतील. पैशा-अर्ध्या पैशाने नगाचा भाव पाडताना गार्डचा खर्च त्यातून पुसला जातो, हे खरेदी खात्यात बसणाऱ्यांनी जाणले पाहिजे.

तरीही अपघात झालाच, तर प्रत्येक गाळ्यात एवढे माहीत असू द्या. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात टाकू नये, त्याने पेशी मरतात. मग वेळ न घालवता जिथे सूक्ष्म शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात जावे. चेंगरलेले बोट परत जोडणे अवघड असते, तरी तो निर्णय डॉक्टरांचा. कोणत्या रुग्णालयात ही सोय आहे, तो पत्ता आणि फोन आजच भिंतीवर लिहून ठेवा.

या सभागृहात आज लहान कारखानदार मोठ्या संख्येने आहेत. त्यांना माझी विनंती आहे. उद्या सकाळी आपल्या सर्वांत जुन्या प्रेससमोर जा. क्लच कोणता ते पाहा, ब्रेक कधी बदलला ते विचारा, पेडलवर झाकण आहे का ते पाहा. आणि त्या ऑपरेटरला विचारा, ‘प्रेस डबल मारते का?’ तो मान हलवून हो म्हणाला, तर लॉट अर्धा असला तरी ती प्रेस तिथेच बंद करा, आणि दुरुस्ती होऊन डायला जाळी बसेपर्यंत चालू करू नका.